पगार नंतर, आधी घराचं विचारा

चीनला नोकरी करून आलेय म्हटलं की ओळखीतले शिक्षक पहिलं विचारतात ते पगाराचं. सांगते मी, लपवण्यासारखं त्यात काही नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये चेंगदूतल्या एका खाजगी शाळेच्या आंतरराष्ट्रीय विभागात फिजिक्स शिकवायला लागले, तेव्हा करारावर १७,००० युआन लिहिले होते. युआन तेव्हा दहा रुपयांच्या आसपास होता (आता त्याहून वर आहे), म्हणजे महिन्याला १,७०,००० रुपये. त्याआधी दादरच्या एका शाळेत नऊ वर्षं काढून माझ्या हातात २८,००० पडायचे. हा आकडा ऐकला की समोरचा मनातल्या मनात गुणाकार करायला लागतो आणि पुढचं त्याला ऐकूच येत नाही. म्हणून आज लिहूनच ठेवतेय.

पगाराआधी विचारायचा प्रश्न असा: राहायला घर शाळा देणार, की घरभाड्याचा भत्ता देणार, की काहीच नाही?

आम्ही परळच्या चाळीतले. दहा बाय बाराची खोली, त्यात आई, दादा, वहिनी, पुतण्या आणि मी. रुईया कॉलेजातलं माझं एम.एस्सी. गॅलरीत चटई टाकून झालं, बी.एड.सुद्धा. दार लावून एकटीनं बसणं ही गोष्ट मला माहीतच नव्हती. चेंगदूत मला एक बेडरूम, एक छोटा हॉल आणि स्वयंपाकघर असा फ्लॅट मिळाला. पहिल्या रात्री मी आतून कडी लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "आतून नीट लाव हो." मग आम्ही दोघीही बराच वेळ काही बोललो नाही.

त्या फ्लॅटचं भाडं २,६०० युआन. शाळा भत्ता द्यायची २,०००. ऐकायला सोपं वाटतं. पण तिकडची रीत 'या यी फू सान', म्हणजे एक महिन्याचं डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं आगाऊ. शिवाय एजंटची दलाली वेगळी. पोहोचल्यावर दहा दिवसांत १०,४०० युआन मोजायचे, आणि पहिला पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला. आपल्या पागडीच्या आणि अकरा महिन्यांच्या कराराच्या दुनियेतून गेलेल्या माणसाला डिपॉझिटचं नवल वाटत नाही, पण परक्या गावात खिसा रिकामा झाला की छातीत धडधडतं. मी शिक्षक पतपेढीचं दीड लाखाचं कर्ज घेऊन गेले होते म्हणून निभावलं. कुणी जायचं ठरवलं असेल तर एवढी रक्कम सोबत असल्याशिवाय निघू नका. भत्ता पगाराबरोबर येतो, भाडं आधी जातं.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. साठीची, तुरुतुरु चालणारी. मावशी-काकूच्या वयाच्या बाईला तिकडे 'आयी' म्हणतात, म्हणून मी तिला वांग आयी म्हणायचे. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं फक्त विचारलं, "बरी आहे का गं बाई?" बरी होती. माझ्या प्रेशर कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा ती जिने चढून धावत आली, काही फुटलं समजून. मी तिला शिट्टी उचलून दाखवली, डाळ दाखवली, तिला वाटी भरून वरण दिलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती रिकामी नव्हती.

आता खाण्याचं. मंडईत भाव सांगतात तो 'जिन'चा, आणि जिन म्हणजे अर्धा किलो. पहिले पंधरा दिवस मी किलोचा भाव समजून स्वस्ताई आहे म्हणत होते. खरा भाव कळल्यावरही भाजी परवडायचीच. कोथिंबीर, वांगी, फ्लॉवर, दुधी, हिरवे मूग सगळं मिळतं. तूरडाळ आणि कणीक ऑनलाइन मागवायची. नूडल्सचा एक वाडगा तेव्हा १० ते १२ युआनला मिळायचा. दुपारचं जेवण शाळेच्या कँटीनमध्ये फुकट, पण डुकराचं मांस कशात नाही हे रोज विचारावं लागायचं. घरी शिजवलं तर महिन्याचं खाणं १,५०० युआनच्या आत बसायचं. मेट्रोचं तिकीट २ युआनपासून.

त्या मंडईत एक दिवस मसाल्याच्या दुकानापाशी मी थबकले. वास ओळखीचा होता आणि तिथे असायला नको होता. पोत्यात बारीक, लालसर, फुटलेल्या टरफलांची बोंडं होती. एक दाताखाली धरलं आणि जीभ बधिर झाली. तिरफळ! अगदी आपलं तिरफळ नव्हे, त्याची सख्खी चुलत बहीण म्हणा. 'ह्वाच्याओ' म्हणतात, वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं दोन्ही एकाच कुळातली. चेंगदू ज्या सेच्वान प्रांतात आहे, त्याचा सगळा स्वयंपाक त्यावर उभा आहे. आमच्या मालवणी घरात बांगड्याच्या आमटीतल्या तिरफळाला जो मान, तोच तिकडे याला. बांगडा कुठून मिळणार, समुद्र हजार किलोमीटरहून लांब. गोड्या पाण्यातला मासा घेतला, डब्यातलं नारळाचं दूध, सोबत नेलेली आमसुलं, आणि हे. मासा काटेरी निघाला, पण आमटीचा वास घरभर पसरला तेव्हा मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मनसोक्त रडले. चार महिन्यांत पहिल्यांदा.

थंडीबद्दल कुणी सांगत नाही, ते सांगते. चीनमध्ये छिनलिंग डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या उत्तरेला सरकारी व्यवस्थेनं घरं तापवतात. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरपासून १५ मार्चपर्यंत. त्या रेषेच्या दक्षिणेला ही सोय नाही, आणि चेंगदू दक्षिणेला. बाहेर बर्फ नसतो, तापमान शून्याखाली क्वचितच जातं, पण हवा ओली आणि सूर्य आठवडेच्या आठवडे ढगाआड. मुंबईत जुलैमध्ये कपडे वाळत नाहीत ना, तसं तिथे जानेवारीत, वर हाडात शिरणारा गारठा. वर्गात मुलं जाड कोट घालून बसायची, मी हातमोज्यांची बोटं कापून फळ्यावर लिहायचे. एसी गरमवर चालवला की घसा कोरडा पडतो आणि विजेचं बिल चढतं. वांग आयीनं विजेची चादर आणून दिली, गादीवर अंथरायची. तीच खरी. दक्षिणेतल्या शहराचा प्रस्ताव आला तर हिवाळ्याचा खर्च आधीच धरा.

शाळा मला आवडली. जेवणानंतर मुलं बाकावर डोकं ठेवून झोपतात, पडदे ओढतात, सगळी इमारत गप्प होते. आमच्या दादरच्या शाळेत तेवढ्या वेळात डबा संपवून, वह्या तपासून, गैरहजर शिक्षकाच्या जागी एक तास घेऊन झालेला असायचा. पहिले काही दिवस त्या शांततेत मला अपराधी वाटायचं. मग मीही डोळे मिटायला शिकले.

कराबद्दल थोडं. २०१९ पासून तिकडे वर्षाचा हिशेब सलग धरून दर महिन्याला कर कापतात. महिन्याचे ५,००० युआन करमुक्त. माझे उरले १२,०००. वर्षाच्या पहिल्या ३६,००० वर ३ टक्के, तिथून १,४४,००० पर्यंत १० टक्के. म्हणजे विम्याची वजावट बाजूला ठेवली तर जानेवारी ते मार्च महिन्याला ३६० युआन कर, आणि एप्रिलपासून एकदम १,२००. मला हे माहीत नव्हतं. जानेवारीचा पगार बघून मी घरी जास्त रक्कम कबूल केली आणि एप्रिलमध्ये तोंडघशी पडले. पैसे पाठवायलाही करार, कर भरल्याचे कागद, पासपोर्ट घेऊन बँकेत अर्धा दिवस जायचा. पण महिन्याला ९,००० ते १०,००० युआन खरंच मागे पडायचे. दहा महिन्यांत पतपेढीचं कर्ज फिटलं. आणि एक, करार दहा महिन्यांचा आहे की बारा, हे वाचल्याशिवाय सही करू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार न देणाऱ्या शाळा आहेत.

आता जे मला सगळ्यात तळमळीनं सांगायचंय ते. आपल्या पासपोर्टवर इंग्रजीचा शिक्षक म्हणून कामाचा परवाना मिळणं कठीण असतं, तिथे ज्यांची मातृभाषा इंग्रजी त्या देशांचे नागरिक मागतात. आपल्याला दार उघडतं ते विषयाच्या शिक्षकाचं: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, त्या विषयातली पदवी आणि किमान दोन वर्षांचा अनुभव. मुंबईतल्या एका एजंटनं मला सांगितलं होतं, "मॅडम, एम वीसावर जा, तिकडे बदलून घेऊ." एम वीसा व्यापारासाठी असतो, त्यावर शिकवणं बेकायदा. पकडलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड, प्रकरण गंभीर असेल तर ५ ते १५ दिवस कोठडीसुद्धा, आणि घरी परत. मी त्याला नाही म्हटलं आणि चार महिने कागदांमागे फिरले: राज्य सरकारचा शिक्का, परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग चिनी वकिलातीचा. वीसा 'झेड'च हवा, म्हणजे नोकरीचा. पोहोचल्यावर २४ तासांत पोलीस चौकीत राहत्या पत्त्याची नोंद, ३० दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज. माझ्या ओळखीची एक मुलगी एजंटचं ऐकून गेली. तिचे पैसे आणि वर्ष दोन्ही गेलं. कुणी घाई करत असेल तर त्याला हे वाचायला द्या.

जानेवारी २०२० मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीला मी घरी आले. चेंगदूहून दिल्लीला थेट विमान काही महिन्यांपूर्वीच सुरू झालं होतं. एक छोटी बॅग, पुतण्यासाठी पांडाचं खेळणं. बाकी सगळं तिकडेच, कपडे, पुस्तकं, कुकर. मग साथ पसरली आणि २८ मार्चपासून चीननं परदेशी लोकांना दार बंद केलं, राहण्याचा परवाना असलेल्यांनासुद्धा. शाळेचे तास मी परळच्या गॅलरीतून घेतले. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. वहिनी दुधाची पिशवी आणायला जाताना माझ्यामागून वाकून जायची, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून.

मे महिन्यात मी घर सोडते म्हणून कळवलं. वांग आयीनं सामान बांधून शाळेत पोहोचवलं आणि २,६०० युआनचं डिपॉझिट त्याच संध्याकाळी वीचॅट या चिनी ॲपवर पाठवलं, एक युआन न कापता. कुकरचं काय करू असं तिनं विचारलं. तुझ्याकडेच ठेव म्हटलं.

२९ जून २०२० ला आपल्या सरकारनं ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात वीचॅट होतं. माझं थोडे दिवस चालत राहिलं. तिचा शेवटचा निरोप म्हणजे एक फोटो: तिचा ओटा, गॅसवर माझा कुकर, बाजूला वाडग्यात भिजवलेले मूग. आणि शिट्टी काढून पुसून फडक्यावर ठेवलेली. ती लावायची असते, नाहीतर वाफ कोंडत नाही, असं मी लगेच लिहिलं. निरोप गेलाच नाही.