गाठ कापण्याआधी गाठा: सार्कोमा केंद्राचा आमचा प्रवास

दादाच्या मांडीत खोलवर गाठ होती. दुखत नव्हती, वाढत मात्र होती. ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल किंवा वाढती गाठ असेल तर सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी, हाड अशा भागांत होणारा कॅन्सर, नाही ना, हे आधी तपासावं लागतं. ती दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नये. आमच्या डॉक्टरांनी ‘काढून बघू’ म्हटलं नाही. एमआरआय करून थेट सार्कोमावर काम करणाऱ्या केंद्राकडे चिठ्ठी दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. मोठ्या माणसांच्या कॅन्सरमध्ये हे सार्कोमा जेमतेम १ टक्का आणि त्यातही प्रकार ५०हून जास्त. केंद्र लांब असलं तरी तिथेच जा.

निघताना एमआरआयचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीडीही घ्या. तिथले रेडिओलॉजिस्ट मूळ प्रतिमा स्वतः बघतात. बायोप्सी किंवा ऑपरेशन आधी झालं असेल तर काचेच्या स्लाइड्स, काढलेला तुकडा ज्यात जपतात ते मेणाचे ब्लॉक आणि ऑपरेशनची नोंदही लागते. लॅबमधून ब्लॉक मिळायला वेळ लागतो, तेव्हा तिकीट काढण्याआधीच अर्ज करा.

बायोप्सीला सर्जन आणि रेडिओलॉजिस्ट दोघांनी मिळून स्क्रीन पाहिली. मग सर्जननी दादाच्या मांडीवर पेनने खूण केली: सुई इथूनच. सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी राहू शकतात, म्हणून ती वाट पुढच्या ऑपरेशनच्या छेदात यावी लागते, गाठीबरोबर तीही काढता येते. हे ऐकलं तेव्हा कळलं, बायोप्सी घाईघाईत कुठेही का उरकू नये. जागा बधिर करून जाड सुईने तुकडे घेतले, दादाला फारसा त्रास झाला नाही.

त्रास झाला तो रिपोर्टची वाट बघण्याचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून भागत नाही. पेशींवर खास रंगचाचण्या होतात, कधी एमडीएम-२सारख्या एखाद्या जनुकाची चाचणीही. प्रकार आणि ग्रेड (कॅन्सर किती आक्रमक आहे) यावरच पुढचं सगळं ठरतं, म्हणून ‘लवकर द्या’ असा तगादा लावू नका. त्या काळात छातीचा सीटी स्कॅन उरकून घ्या. सार्कोमा पसरला तर बहुधा आधी फुप्फुसात जातो.

वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर मिळून उपचार ठरवतात, त्या ट्यूमर बोर्डाच्या बैठकीत पेशंटला बसवत नाहीत. नंतर सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र भेटले. दादाचा पहिला प्रश्न, “पाय काढणार का?” सर्जननी खुर्ची जवळ ओढली आणि शांतपणे समजावलं. पाय वाचवून ऑपरेशन अधिक रेडिएशन, विरुद्ध पाय कापणं, अशी तुलना अमेरिकेत झाली होती. १९८२ साली तिचे निष्कर्ष आले: जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. आज हातापायाच्या बहुतेक सार्कोमात अवयव वाचवता येतो.

रेडिएशन आधी की नंतर, हे मात्र नीट विचारा. आधी दिलं तर साधारण २५ सिटिंग्ज, पाच आठवडे. डोस कमी लागतो, पण ऑपरेशनची जखम भरायला जास्त त्रास होऊ शकतो. नंतर दिलं तर डोस वाढतो आणि पुढे पाय आखडण्याची, सुजण्याची शक्यता जास्त. दादाला आधी दिलं. ऑपरेशन त्यानंतर काही आठवड्यांनी झालं, जखम झाकायला प्लास्टिक सर्जनही हजर होते. केमो सगळ्यांना लागत नाही. दादाला नाही लागली. लागणार असेल तर पुढे मूल हवं असणाऱ्यांनी वीर्य किंवा बीजांडं जपून ठेवण्याबद्दल केमो सुरू होण्याआधी बोलावं.

रेडिएशनच्या आठवड्यांत हॉस्पिटलजवळच राहा, त्यासाठी कातडीवर केलेल्या खुणा घासून पुसू नका. ऑपरेशननंतर राहायची खोली तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेली बघा. फिजिओथेरपिस्टना ऑपरेशनच्या आधीच भेटा. कुबड्या वापरायला तेव्हाच शिकून घेतलेलं बरं. पहिली दोन-तीन वर्षं साधारण तीन-चार महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. त्या फेऱ्यांना छातीचे जुने फोटो किंवा स्कॅन बरोबर न्या, नवे त्यांच्याशी ताडून बघतात.