स्लायडर गेला, आंबा दिसला

आज दिवसभर रत्नागिरीच्या एका बागायतदार काकांच्या वेबसाइटवर कात्री चालवली. उघडल्या उघडल्या पाच फोटोंचा फिरता स्लायडर, त्यावर पॉपअप, तीन रंगांची बटणं. आणि पेटीचा भाव? चौथ्या क्लिकला. (हे सगळं चार वर्षांपूर्वी मीच बसवलं होतं, तेही सांगून टाकते.)

काका म्हणाले, "अगं, स्लायडर काढलास तर ओकंबोकं नाही का दिसणार?" मी वाय-फाय बंद केलं, त्यांचाच फोन त्यांच्या हातात दिला. म्हटलं, भाव शोधा. पान उघडेपर्यंत चहा आला. गूगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसला तर चांगलं मानतात. इथे फोटोच कॅमेऱ्यातून थेट चढवलेले, एकेक ८ एमबीचा!

आता वर एकच फोटो, पेंढ्यात मांडलेल्या आंब्यांचा. खाली डझनाचा भाव, पेटी कधी निघणार तो वार आणि व्हॉट्सॲपचं बटण. कोकणातल्या हापूसला २०१८ साली मिळालेल्या जीआय मानांकनाची (माल कोणत्या भागातला, याची सरकारी नोंद) एक ओळ ठेवली, कारण "कर्नाटकी तर नाही ना?" हे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतंच.

नातवाचा फोटो मात्र काकांनी काढू दिला नाही. तळाशी आहे. असू दे.