माळावरच्या चंडोलांची वही : अॅमोमॅनिसचं पान झालं

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दिसणाऱ्या प्रत्येक चंडोलासाठी वहीत एक पान, असं ठरवून काम चालू आहे. शास्त्रीय नाव काय, ते कोणी आणि कधी दिलं, आधी पक्षी कुठल्या प्रजातीत (genus) होता आणि आज कुठे आहे, एवढं त्या पानावर यायला हवं. यावेळी अॅमोमॅनिस या प्रजातीचं पान पुरं झालं. वेळ यानेच सगळ्यात जास्त खाल्ला, पण हाताला लागलंही यातूनच सगळ्यात जास्त.

आपल्याकडचा तांबूस शेपटीचा चंडोल सगळ्यांच्या ओळखीचा आहे. बार्शी रस्त्याने निघालात की मुरमाड माळावर, नांगरलेल्या काळ्या रानात, बांधावरच्या दगडावर तो असतोच. त्याचं पूर्ण नाव अॅमोमॅनिस फिनिक्यूरा (फ्रँकलिन, १८३१). त्याचा सख्खा भाऊबंद म्हणजे वाळवंटी चंडोल, अॅमोमॅनिस डेझर्टी (लिश्टेनश्टाइन, १८२३). हा सोलापुरात येत नाही. कच्छ-राजस्थानपासून पश्चिमेला थेट सहारापर्यंतचा रखरखीत मुलूख त्याचा. तरी दोघांची पानं समोरासमोर ठेवल्याशिवाय आपल्या पक्ष्याचं नाव नीट उलगडत नाही, म्हणून दोन्ही एकत्रच केली.

आधी कंस. नामकरणकर्त्याचं नाव कंसात असेल, तर त्याने पक्षी वेगळ्या प्रजातीत ठेवला होता आणि नंतर कोणीतरी तो हलवला, असा अर्थ. लिश्टेनश्टाइनने वाळवंटी चंडोलाला 'अलाउडा'त घातलं होतं. त्या काळी अलाउडा म्हणजे धर्मशाळाच होती. लिनिअसने १७५८ मध्ये तिच्यात चंडोलांबरोबर पिपिट हे दुसऱ्या कुळातले पक्षीही बसवले होते. आपल्या पक्ष्याला मेजर जेम्स फ्रँकलिनने 'मिराफ्रा'त टाकलं. (उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या जॉन फ्रँकलिनचा हा भाऊ.) पुढे १८५१ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ काबानिसने अॅमोमॅनिस ही प्रजाती उभी केली. आज दोघे तिच्यात एकत्र आहेत आणि म्हणून दोघांच्याही नावापुढे कंस आहे.

लिश्टेनश्टाइनचं हे नाव छापलं गेलं ते बर्लिनच्या संग्रहालयातल्या जादा नमुन्यांच्या यादीत. एवढ्या मोठ्या प्रदेशात पसरलेल्या पक्ष्याचं नाव अशा यादीतून आलं, आणि अग्रक्रमाच्या नियमामुळे दोनशे वर्षं टिकलं. हा नियम मला फार न्याय्य वाटतो. छापील जागा मोठी की छोटी, हे तो बघत नाही. आधी कोणी नोंदवलं, एवढंच बघतो.

या पानातली माझी सगळ्यात आवडती ओळ १८५३ ची आहे. वायव्येकडच्या वाळवंटी चंडोलाला पक्षीशास्त्रज्ञ ब्लाइथने नाव दिलं 'फिनिक्युरॉइडिस', म्हणजे फिनिक्यूरासारखा. आपल्या माळावरच्या पक्ष्याला मापदंड धरून वाळवंटातल्याचं बारसं झालं! आज ती स्वतंत्र जात धरत नाहीत, डेझर्टीची उपजात मानतात, पण नाव तेच राहिलं आहे.

डेझर्टीच्या उपजाती वीसहून जास्त. एवढ्या का, तर हा पक्षी आपापल्या जमिनीचा रंग घेतो. फिकट वाळूवरचा 'इझाबेलिना' फिकट, आणि जॉर्डनकडच्या काळ्या बेसाल्टवरचा 'अॅनी' काळपट. आपली काळी रानंही बेसाल्टचीच, आणि आपला फिनिक्यूराही पाठीवर चांगला गडद तपकिरी. दोन्हीकडचं कारण एकच असावं असं मला वाटतं, पण हा माझा अंदाज आहे, म्हणून वहीत पेन्सिलीने लिहिलाय.

रंग इतका जमिनीनुसार बदलतो म्हणूनच रंगावरून केलेली जुनी वर्गवारी चंडोलांच्या बाबतीत कोलमडली. पेर आल्स्ट्रम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये डीएनएवरून सगळ्या कुळाची वंशावळ मांडली. तीत चंडोलांच्या तीन मोठ्या शाखा दिसतात. आपल्या माळावर त्या तिन्ही नांदतात. तांबूस शेपटीचा आणि डोंबारी चंडोल एका शाखेत, झुडपी चंडोल दुसऱ्या, आणि साइक्सचा तुरेवाला तिसऱ्या. एका सकाळी, एकाच गवतावर! अख्खं कुळ पूर्वी गाणाऱ्या पक्ष्यांच्या यादीत सुरुवातीला ठेवायचे, कारण त्यांच्या स्वरयंत्राची रचना साधी. आता ते बुलबुल, भिंगऱ्या, वटवट्यांच्या मोठ्या गोतावळ्यात आलंय.

झुडपी चंडोलाचं पान मात्र आता बदलावं लागेल. ब्लाइथने १८४५ मध्ये त्याला मिराफ्रातच ठेवलं होतं, म्हणून इतकी वर्षं त्याच्या नावापुढे कंस नव्हता. २०२३ च्या नव्या मांडणीत मिराफ्राचे तुकडे झाले आणि हा 'प्लोसिअलाउडा'त गेला. म्हणजे आता ब्लाइथ कंसात. जुन्या याद्या वापरणाऱ्यांनी दोन्ही नावं शेजारी लिहून ठेवावीत, नोंदी जुळवताना सोपं जातं.

शेपटीबद्दल एक. फिनिक्यूराच्या तांबूस शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असतो आणि त्याची कड अगदी स्पष्ट. डेझर्टीत तो गडदपणा हळूहळू तांबूस रंगात मिसळत जातो. कच्छ-जैसलमेरला जाऊन आलेल्यांकडे उडत्या पक्ष्याचे, शेपटी पसरलेली असतानाचे फोटो असतील तर पाठवा. त्या पानावर अजून चित्राची जागा रिकामी आहे.

यानंतर डोंबारीचं पान. स्कोपोलीने १७८६ मध्ये दिलेलं नाव, तेही तमिळनाडूतल्या जिंजीच्या पक्ष्याचं सोनेराने केलेलं वर्णन वाचून. जुन्या पुस्तकांत त्याचं नाव 'ग्रिसिया' आणि आता 'ग्रिसिअस' का, तेही त्याच पानावर घेतो.