जुन्या ॲक्सलवरची ट्रॉली
द्राक्षबागेतल्या 9 फुटी ओळींत मोठी ट्रॉली वळत नाही आणि नवी लहान ट्रॉली यंदा खिशाला परवडणारी नव्हती, म्हणून घरीच बांधायला घेतलेली 4 फूट रुंदीची ट्रॉली आज छोट्या ट्रॅक्टरमागे जोडली. ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आस, भंगारातून आणलेला, जुन्या मारुती 800 चा मागचा. ही गाडी पुढच्या चाकांच्या बळावर चालते, त्यामुळे मागे डिफरन्शियलची (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरपेटीची) भानगड नसते आणि बेअरिंग बदलून, ग्रीस भरून तो थेट वापरता येतो.

आजचा बहुतेक वेळ मोजमापात गेला, आणि तो जायलाच हवा होता. चौकटीचे दोन्ही कर्ण समान भरल्यावर हुकाच्या छिद्रापासून प्रत्येक चाकापर्यंतचे अंतर टेपने ताडून पाहिले, कारण तिथे बोटभर फरक राहिला तरी ट्रॉली तिरकी ओढली जाते आणि टायर लवकर झिजतात. ॲक्सल मधोमध न बसवता किंचित मागे घेतला आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकावर यायला हवा, नाहीतर पुढचा दांडा वर उचलला जातो आणि वेगात ट्रॉली शेपटासारखी हलू लागते.

फाळके, म्हणजे ट्रॉलीच्या बाजूच्या फळ्या, वेल्ड न करता पिनांवर अडकवले आहेत, म्हणजे ते काढले की सपाट पत्र्यावर क्रेट रचता येतील किंवा 500 लिटरची टाकी ठेवता येईल. तेवढे पाणीच अर्धा टन भरते, त्यामुळे याहून मोठ्या टाकीचा घरच्यांचा आग्रह मी मान्य केलेला नाही. मागे लाल रिफ्लेक्टर लावले. उद्या गंज रोखणाऱ्या रेडऑक्साइडचा हात देऊन मग रंग.