टाफेलमधला गुरुवार

श्टुटगार्टजवळच्या गावात राहायला येऊन आम्हाला तीन वर्षं होतील. नवऱ्याची पुण्यातून इकडे बदली झाली, आसपास चार मराठी घरं आहेत, गणपती होतो, फराळाची ताटं फिरतात. त्यामुळे पहिलं वर्षभर माझं जर्मन बोलणं म्हणजे दुकानात बिल देताना दोन वाक्यं आणि केअरवोखची पाटी दारावर आली की शेजारणीला हॅलो, एवढंच (आठवड्याला एकेका घराने जिना झाडायचा, ही इकडची पद्धत). जर्मनची बी१ (म्हणजे मधल्या पातळीची) परीक्षा पास झाले तरी बोलायला कोणीच नाही. शेवटी क्लासच्या बाईच म्हणाल्या, टाफेलमधे मदतीला जाऊन बघा.

टाफेल म्हणजे सुपरमार्केट आणि बेकऱ्यांकडे उरलेला पण खायला चांगला असलेला माल गोळा करायचा आणि कमी उत्पन्न असलेल्यांना अगदी थोड्या पैशात द्यायचा. पहिली टाफेल १९९३ मधे बर्लिनला सुरू झाली, आता देशभर ९०० च्या वर आहेत. आमची दुकानासारखीच आहे, कार्ड दाखवायचं आणि आपल्या हाताने निवडून घ्यायचं. मला हे फार आवडतं, कारण हातात तयार पिशवी कोंबली की घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते.

सकाळी व्हॅन येते, क्रेट उतरतात आणि निवडणं सुरू. संत्र्यांच्या जाळीत एक सडलं असतं म्हणून दुकानाने अख्खी जाळी दिलेली असते, ती फोडायची, सडकं काढायचं, बाकीची परत भरायची. दह्यावरची 'किमान टिकण्याची' तारीख उलटली तरी बघून, तपासून देता येतं, पण खिम्यावरची 'अमुक दिवसापर्यंतच वापरा' ही तारीख गेली की सरळ कचऱ्यात. हा फरक मला इथे येईपर्यंत माहीतच नव्हता, घरी मी किती दही उगाच फेकलं असेल!

येणाऱ्यांमधे सीरियाची कुटुंबं, युक्रेनच्या बायका, आणि पेन्शनीत न भागणारे इथलेच म्हातारे. एक आजी दर वेळी इस्त्रीचा कोट आणि लिपस्टिक लावून येतात. आयुष्यभर काम केलेल्या बाईला भाजीसाठी रांगेत उभं राहावं लागतं, एवढ्या श्रीमंत देशात, याचा मला अजूनही राग येतो.

माझ्याबरोबर निवडायला सत्तरीच्या एक बाई असतात. सहा महिने आम्ही एकमेकींना 'झी', म्हणजे अहो-जाहो, आणि आडनावानेच हाक. एका गुरुवारी कोलराबीचे, म्हणजे आपल्या नवलकोलाचे, क्रेट आले आणि त्या सवयीने पाला मुरगळून वेगळ्या खोक्यात टाकायला लागल्या, सशांसाठी. इकडे दुकानात पण लोक असंच करतात. मी म्हटलं थांबा, याची आमच्याकडे भाजी करतात, लसणाची फोडणी, थोडी डाळ. त्यांनी तीनदा विचारून घेतलं, पाठीमागच्या कागदावर लिहिलं, आणि पुढच्या गुरुवारी सांगितलं की केली, नवऱ्याने दोनदा घेतली, तिखट मात्र घातलं नाही. मग हातातलं काम ठेवून म्हणाल्या, आता आपण 'डू' म्हणूया ना? इकडे हे मोठ्या माणसाने विचारायचं असतं, लहानाने नाही. आईच्या वयाच्या बाईला अगं-तुगं करायला माझी जीभ आधी वळेचना, पण घरी येताना ट्राममधे डोळे भरून आले.

अशा कामाला इकडे एऱनआम्ट म्हणतात, शब्दाची फोड केली तर मानाचं पद. पैसे नाहीत, पण गावात ओळख मिळते. इकडे नवीन आलेल्या आपल्या मुलींना मी सांगते की भाषा पक्की व्हायची वाट बघत बसू नका, क्रेट उचलायला बी१ लागत नाही.

परवा पण नवलकोल आला होता. मी पोचायच्या आधीच तिने माझ्या नावाची पाल्याची पिशवी बांधून खुंटीला लावून ठेवली होती.