सीलाकँथ की लंगफिश? माझा जनुकांवरून वंशवृक्ष काढण्याचा अनुभव

चार पायांच्या प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याही, जास्त जवळचा मासा कोण: सीलाकँथ (मांसल परांचा प्राचीन मासा) की लंगफिश (फुप्फुसानं श्वास घेणारा मासा)? 1938 मध्ये दक्षिण आफ्रिकेजवळ, नामशेष समजला गेलेला सीलाकँथ जिवंत जाळ्यात आला आणि या वादाला धार चढली. उत्तर मला स्वतः पडताळून बघायचं होतं. जेनबँक या सार्वजनिक संग्रहातले सिक्वेन्स (जनुकांतल्या अक्षरांचे क्रम) आणि वंशवृक्ष काढणारं मेगा हे सॉफ्टवेअर दोन्ही मोफत मिळतात, त्यामुळे अडण्यासारखं काही नव्हतं.

सुरुवात केली सायटोक्रोम बीपासून. मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं) हे जनुक साधारण 1140 डीएनए-अक्षरांचं, त्यातून 380 अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं. प्रथिनात रूपांतर करताना पृष्ठवंशीयांचा मायटोकॉन्ड्रियल कोड, म्हणजे कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ काय हे सांगणारा तक्ता, निवडावाच लागतो. नेहमीच्या कोडमध्ये टीजीए म्हणजे 'थांबा', मायटोकॉन्ड्रियात मात्र ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. नेहमीचा कोड ठेवला तर प्रथिनात मधेमधे थांब्याचे तारे दिसतात. योग्य कोड दिला की तेच प्रथिन सलग उमटतं. मला तो क्षण फार आवडतो!

सामन आणि ट्राउट एकाखाली एक लावले. डीएनएतले बहुतेक फरक कोडॉनच्या (तीन अक्षरांच्या गटाच्या) तिसऱ्या अक्षरात होते, त्यामुळे अमिनो आम्ल सहसा तेच राहत होतं. जवळचं नातं शोधायला हे तिसरं अक्षर फार कामाचं. पण शार्क आणि झेब्राफिश वेगळे होऊन इतका काळ लोटलाय, की तिथली अक्षरं पुन्हापुन्हा बदलून जुन्या खुणा पुसल्या गेल्यात. म्हणून माझ्या प्रश्नासाठी प्रथिनंच घेतली आणि शार्कला बाह्यगट (झाडाचं मूळ ठरवायला घेतलेला दूरचा नातेवाईक) ठेवलं. तरी लंगफिशच्या फांदीला बूटस्ट्रॅपचा (माहितीचे नमुने पुन्हापुन्हा घेऊन फांदी किती वेळा टिकते ते पाहणाऱ्या चाचणीचा) आधार तकलादूच मिळाला. इतक्या जुन्या प्रश्नाला हे एक जनुक पुरत नाही.

मग पेशीच्या केंद्रकातलं रॅग1 हे जनुक घेतलं. इथे एक खबरदारी हवी. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी टेलिऑस्ट माशांच्या (सामन, झेब्राफिश यांसारख्या हाडांच्या माशांच्या) पूर्वजात अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, दुप्पट झाला, त्यामुळे अनेक जनुकांच्या दोन प्रती उरल्या. एका माशाची पहिली प्रत आणि दुसऱ्याची दुसरी अशी गल्लत झाली, तर वंशवृक्ष माशांचा न राहता त्या दुपटीचा होतो. म्हणून प्रत्येक सिक्वेन्स ब्लास्ट या सारखे सिक्वेन्स शोधणाऱ्या साधनात तपासून मगच घेतला.

या वेळी लंगफिश बेडूक, कोंबडी आणि माणूस यांच्या गटाला चिकटला, सीलाकँथ त्याच्या बाहेर गेला. 2013 मध्ये सीलाकँथचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा 251 जनुकांवरून हाच क्रम निघाला होता. सीलाकँथची प्रथिनं चार पायांच्या प्राण्यांपेक्षा सावकाश बदलतात, हेही त्या अभ्यासात दिसलं. माझ्या रॅग1च्या झाडातही त्याची फांदी आखूडच आली.