आमची वाटचाल: कलमांवर उभी राहिलेली रोपवाटिका

आमच्याकडे सुरुवातीपासून कलमांचंच काम. गुटी म्हणजे झाडावरच्याच फांदीला मुळं फोडणं, कोय कलम म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर काडी बांधणं, पाचर कलम म्हणजे खालच्या मुळांच्या रोपाला, म्हणजे खुंटाला, चीर देऊन तीत तासलेली काडी बसवणं, डोळे भरणं म्हणजे काडीऐवजी नुसता एक डोळा सालीत बसवणं, छाट लावणं म्हणजे फांदीचा तुकडा मातीत रुजवणं. ज्या झाडाचं फळ पसंत पडलं त्याचीच काडी घ्यायची, म्हणजे येणारं झाड गुणाने तेच. बियांत परागीकरणातून दुसऱ्या झाडाचे गुण मिसळतात, त्यामुळे फळ कसं निघेल याची हमी कुणालाच देता येत नाही. आम्ही हमी देऊन विकत आलो, याचा मला अभिमान आहे.

कलमाचा चाकू मी आजही दुसऱ्याच्या हाती देत नाही. त्याला एकाच बाजूने धार असते आणि काप एका ओढीत सपाट यावा लागतो. पुन्हा चाकू फिरवला की खाचा पडतात, सांध्यात पोकळी राहते. सालीच्या लगेच आतला वाढीचा, म्हणजे कॅम्बियमचा, थर खुंटाचा आणि काडीचा भिडला तरच कलम जुळतं. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका बाजूला सालीला साल लावा.

मग जवळच एकाने रोपवाटिका काढली. तो कोयीच्या रोपाच्या खोडावर तिरका छेद द्यायचा, वर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायचा आणि कलम म्हणून विकायचा. वरून पाहणाऱ्याला फरक कळत नसे. रोप स्वस्त, त्यामुळे आमचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरतं, कोयीच्या आंब्याला त्याहून बरीच वर्षं लागतात. ती झाडं मोहरेनात तेव्हा लोक म्हणू लागले, कलमंच फसवी. म्हणजे मार पुन्हा आम्हालाच. मजुरांचे पगार थकले, मातृवृक्षांना, म्हणजे ज्यांच्या काड्या घ्यायच्या त्या झाडांना, पाणी आम्ही घरची माणसं घालत होतो. ती झाडं तोडून जागा विका, असा सल्लाही मिळाला.

तेव्हा गुरुजी उभे राहिले. आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या बागेत आमची कलमं होती आणि त्या माणसाकडची दोन रोपंही. गुरुजी येईल त्याला झाडापाशी नेत, आमच्या कलमाच्या सांध्यावर बोट ठेवायला लावत. खाली खुंटाची साल वेगळी, वर वेगळी, मध्ये थोडा फुगवटा. शेजारच्या झाडाचं खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एकसारखं, छेदाची जेमतेम खूण. पाहून गेलेले लोक आमच्याकडे परत आले. पुढची वर्षं नीट गेली.

त्या माणसाने आजवर चूक कबूल केलेली नाही.

गुटी घरी बांधणाऱ्यांना सांगतो, साल गोल काढल्यावर खालचा बुळबुळीत थर खरवडून काढाच, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. पाणी आतल्या लाकडातून वर चढत राहतं, पानांनी केलेलं अन्न मात्र कापाशी अडतं, म्हणून मुळं वरच्या कडेलाच येतात. शेवाळ ओलं करून घट्ट पिळा, मगच बांधा. आणि कलम लावल्यावर सांध्याखाली आलेली फूट दिसताक्षणी मोडा. ती वाढली तर वरचं कलम मरतं, फळ खुंटाचं येतं आणि बोल रोपवाटिकेला लागतो.